संस्था गावाची, मग वही कोणाच्या घरी?

आमच्या मुलखात संस्थांचा दुष्काळ नाही. पावसाचा पडेल, संस्थांचा पडणार नाही. पातूर सोडून मेडशी, मालेगाव करीत वाशीमला जाणाऱ्या माणसाने गावोगावच्या नुसत्या पाट्या वाचल्या, तर त्याला वाटेल की एवढी सेवा जेथे चालली आहे तेथे दुःख उरलेच कोठे! बहुउद्देशीय संस्था आहे, युवक मंडळ आहे, शिक्षण प्रसारक मंडळ आहे, महिला मंडळ आहे, पतसंस्था आहे, सेवा सहकारी सोसायटी आहे, आणि अलीकडे शेतकरी उत्पादक कंपनीही आहे. ह्या साऱ्या पाट्यांखालून आमचा कास्तकार सोयाबीनची पोती घेऊन जातो आणि भाव विचारायला पूर्वीप्रमाणेच एकटा उभा राहतो. सुताराचे पोर सरकारी योजनेचा अर्ज भरायला जाते, तेही एकटेच.

तेव्हा ह्या संस्था आहेत तरी कोणाच्या, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. आम्ही तो कोणाच्या द्वेषाने विचारीत नाही. संस्था हव्यात, पुष्कळ हव्यात, असेच आमचे मत आहे. आणि म्हणूनच विचारतो.

लोकशाही म्हणजे पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावून घेणे, अशी समजूत आपल्या लोकांत घट्ट बसली आहे. ती शाई महिन्याभरात निघून जाते. उरलेल्या चार वर्षे अकरा महिन्यांचे काय? एका बाजूला सरकार. त्याच्याजवळ कचेऱ्या, पोलीस आणि तिजोरी. दुसऱ्या बाजूला दोन एकरांचा धनी, किंवा पेटीत वस्तरा-कात्री घेऊन फिरणारा न्हावी. ह्या दोघांच्या मध्ये जी जागा आहे ती कधीही रिकामी राहत नाही. एक तर तेथे माणसे आपण होऊन एकत्र येतात, वर्गणी काढतात, आपल्यातून पंच नेमतात आणि एका तोंडाने बोलतात. नाहीतर तेथे दलाल येऊन बसतो. विद्वान लोक ह्या मधल्या जागेस नागरी समाज असे भारदस्त नाव देतात. नाव काहीही द्या, तेथे कोण बसला आहे ते आधी पाहा.

ह्या दलालाची ओळख आपल्या लोकांना जोतीराव फुल्यांनी करून दिली. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन झाला, तेव्हा त्याचे मुख्य म्हणणे हेच होते की देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको. त्याच वर्षी २५ डिसेंबरला समाजाच्या विधीने, भटजीवाचून, लग्न लागले. एवढी गोष्ट आपल्या पुष्कळ घरांत ठाऊक आहे. पण समाजाची दुसरी एक करणी फारशी कोणी सांगत नाही. तिच्यावर जलसे होत नाहीत, कारण ती करणी हिशोबाची आहे.

ह्या समाजाला सभासद होते आणि सभासदांची मोजदाद होती. तीन वर्षांत ते तीनशेवर गेले. जोतीराव अध्यक्ष व खजिनदार होते, नारायणराव गोविंदराव कडलक चिटणीस होते. सभा भरत, वर्षाचा समारंभ होई, काय काम झाले ते सांगितले जाई, आणि ती हकीकत छापून लोकांच्या हाती दिली जाई. कोणाकडून किती आले व कोठे किती गेले, हे जगासमोर ठेवण्याची लाज त्यांना वाटली नाही. त्या काळी आपल्या लोकांत लिहिता-वाचता येणारा माणूस दिवा घेऊन शोधावा लागे, हे ध्यानात घ्या. तरीही वही उघडी होती. आज घरटी एक पदवीधर आहे आणि वही कुलपात आहे!

हे सभासद नुसती भाषणे ऐकून घरी गेले नाहीत. १८७७ च्या दुष्काळात जोतीरावांनी व समाजाच्या मंडळींनी पुण्याजवळ धनकवडीस उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालविला. समाजाचेच एक सभासद नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले. १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला. त्यात मागणे काय होते? आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर. सहा वर्षे ते हेच मागत राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन बायाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली. आज कचेरीतला साहेब रविवारी पाय लांब करून झोपतो; त्याला ही सुटी कोणी मिळवून दिली याची बहुधा दादच नसते. ती कोणत्याही निवडणुकीने मिळाली नाही. कामगारांना तेव्हा मतच नव्हते. ती मिळाली सह्यांनी आणि सभेने.

म्हणजे मत मिळण्याच्या कितीतरी आधी आपल्या लोकांनी लोकशाही करून पाहिली होती, आणि ती संस्थेच्या वहीत करून पाहिली होती. हे आम्ही पुन्हा सांगतो, कारण संस्था काढणे ही शहरातल्या शिकल्यासवरल्यांची विद्या आहे असे समजून आपले लोक उगाच मागे सरतात.

पुढची पिढीही ह्याच वाटेने गेली. सत्यशोधकांच्या मुशीतून निघालेले भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. घरोघरच्या बायांनी दळणातून मूठमूठ धान्य बाजूला काढले, त्यावर वसतिगृहातली पोरे जेवली. १९४८ साली मुंबई सरकारने रयतचे अनुदान बंद केले. जी संस्था निव्वळ अनुदानावर उभी असते तिला त्या दिवशी टाळे लागले असते. रयतला लागले नाही, आणि अनुदानही पुढे सुरू झाले. आपल्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, आणि कुणब्या-माळ्यांची पोरे कॉलेजची पायरी चढली. आणि गाडगेबाबा! त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा लोकांच्या पैशाने बांधली आणि १९४९ साली ती बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. धर्मशाळेवर मुलाचे नाव नाही, जावयाचे नाही. हातात खराटा व गाडगे होते तेवढेच राहिले.

आता आपल्या दाराशी पाहू.

१८६० च्या कायद्याप्रमाणे संस्था नोंदवायला किमान सात माणसे लागतात. कायदा करणाऱ्याला वाटले असेल, सात घरची सात माणसे बसतील, एकाने चुकीचे केले तर सहा जण हात धरतील. आमच्याकडे सातांची जुळणी कशी होते? अध्यक्ष बाप, सचिव मुलगा, कोषाध्यक्ष सून, उपाध्यक्ष मेहुणा. उरलेल्या तीन जागांवर सालदार, गाडीचा ड्रायव्हर आणि एखादा दूरचा भाचा, ज्याला आपण संस्थेत आहोत हे ठाऊकही नसते. सभा कागदावर भरते. ठराव एकमताने मंजूर होतो, आणि एकाच घरात एकमत नाही तर काय होणार! अशी संस्था शाळा चालवते, वसतिगृह चालवते, आणि तेथे शिक्षकाची जागा निघाली की तिचा भाव फुटतो. ट्रेनिंग कॉलेजातून चांगल्या गुणांनी उतरलेला गरिबाचा मुलगा वावर विकून तो भाव भरतो, किंवा न भरता दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जातो. आम्ही ह्याच पेशातले असल्याने हे ऐकीव सांगत नाही.

येथे एक कडू गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हे अध्यक्ष बहुतेक आपल्यातलेच आहेत. भटजी गेला, कुलकर्णी गेला, त्यांच्या वतनाच्या सनदा गेल्या. आणि त्या जागेवर आपल्याच जातीचा, आपल्याच गोताचा माणूस फोटोला हार घालीत बसला. फोटो जोतीरावांचा, शाहू महाराजांचा, आंबेडकरांचा. आणि फोटोखालच्या कपाटात कुलूपबंद वही. आम्ही ब्राह्मणाच्या मध्यस्थीवर शंभर वर्षे लिहिले. मध्यस्थ आपला झाला म्हणून मध्यस्थी पवित्र झाली, असे जर कोणी म्हणत असेल तर त्याने जोतीरावांचे नाव घेऊ नये. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ह्यात कुत्रे कोणाच्या घरचे, हा प्रश्न दळणाऱ्याच्या काय कामाचा?

दुसऱ्या तऱ्हेच्या संस्था बाहेरून येतात. त्यांना आता सगळेच एनजीओ म्हणतात. त्यांच्यात पुष्कळ प्रामाणिक माणसे असतात आणि त्यांनी केलेली कामे आम्ही नाकारीत नाही. कोठे नाला खोल झाला, कोठे कुपोषित लेकरू वाचले. पण पैसा बाहेरून येतो तेव्हा हिशोबही बाहेरच जातो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चण्याचे बंधन घातले. तेव्हापासून तीन वर्षांचे प्रकल्प येतात, फोटो निघतात, तीन वर्षांनी जीप परत जाते. नाला पुन्हा गाळाने भरतो, कारण गाळ काढण्याची वर्गणी कोणी कधी मागितलीच नव्हती. परदेशी पैशाचे तर २०२० साली एका झटक्यात झाले. कायदा बदलला, आणि परवाना असलेल्या मोठ्या संस्थेने तो पैसा दुसऱ्या लहान संस्थेस देण्यास बंदी आली. तो कायदा योग्य की अयोग्य, ह्यावर वाद आहे आणि आमच्या मते तो लहान संस्थांवर फार कठोर आहे. पण ज्यांची मुळे गावच्या मातीत नव्हती तीच रोपे आधी वाळली, हेही खरेच आहे.

बाहेरच्या माणसाने गावात कसे वागावे, ह्याचे उदाहरण आपल्याच विदर्भात आहे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गोंडांचे लहान गाव आहे. लेखा गावाजवळचे म्हणून त्याला मेंढा-लेखा म्हणतात. वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल तेथे वर्षानुवर्षे जात राहिले. त्यांनी गावाला पैसे वाटले नाहीत, गावाच्या वतीने अर्जही केले नाहीत. त्यांनी अभ्यासगट बसविले. कायदा काय म्हणतो, जंगल कोणाचे, बांबू कोण तोडतो, हे गावाने बसून वाचले, ऐकले, भांडले. निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताचा नव्हे, सर्वांच्या संमतीचा, बाया-पुरुष दोघांच्या. एक जण अडला तर पुन्हा बसायचे. देवाजी तोफा हे त्या गावचे पुढारी. पण पुढारी म्हणजे पाटीवर नाव असलेला नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वनखाते बांबू वाहून नेण्याचा पास देईना. गाव हटले नाही. २७ एप्रिल २०११ रोजी दिल्लीचे मंत्री जयराम रमेश गावात आले आणि पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्या लोकांना वनरक्षकापुढे हात जोडावे लागत, तेच लोक आता पासावर सही करतात. ही जागा दलालाची होती. तेथे ग्रामसभा बसली.

आणखी एक उदाहरण राजस्थानातले. मजदूर किसान शक्ती संघटन ही मजुरांची संघटना १ मे १९९० रोजी निघाली. दुष्काळी कामाची मजुरी पुरी मिळेना, तेव्हा ह्यांनी हजेरीपट मागितला. १९९४ पासून त्यांनी गावोगाव जनसुनवाई भरविली: भर चौकात हजेरीपट मोठ्याने वाचायचा. ज्यांची मजुरी दिली असे लिहिले ती माणसे उभी राहून सांगू लागली की आम्ही कामावर गेलोच नाही. कित्येक नावे तर मेलेल्यांची निघाली. जी इमारत कागदावर पुरी झाली होती ती जमिनीवर नव्हती. त्या आरडाओरडीतून, आणि देशभरच्या चळवळींतून, २००५ साली माहितीचा अधिकार कायदा झाला; आपल्या महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ मध्येच राज्याचा कायदा आला होता. राजस्थानची ती संघटना सरकारी वा परदेशी अनुदान घेत नाही. जी दुसऱ्याचा हिशोब मागते तिने आपला आधी साफ ठेवावा, हे तिला कळले होते.

एवढ्या लांब न जाताही आमच्या खेड्यांत एक चांगली शाळा चालू आहे, आणि ती आम्हा मास्तरांची नव्हे. ती बायांच्या बचत गटांची. दहा ते वीस बाया ठरल्या दिवशी बसतात, ठरलेली रक्कम टाकतात, कोणाला कर्ज द्यायचे ते सगळ्यांसमोर ठरवितात, आणि त्याच बैठकीत वही लिहिली जाते. ज्या बाईने अंगठा सोडून सही शिकली ती दुसरीची नोंद तपासते. महिला आर्थिक विकास महामंडळाने व २०११ पासून 'उमेद'ने हे काम वाढविले, त्याचे श्रेय त्यांना आहे. पण गट टिकतो तो आपल्या घामाचे शंभर रुपये त्यात आहेत म्हणून. ज्याचे शंभर रुपये असतात त्याची नजर वहीवरून हटत नाही. पुरुष मंडळी पारावर बसून राजधानीचे राजकारण सोडवितात, तोवर बायांचे राजकारण वहीत उतरलेले असते.

कारागिरांनी तर हे विशेष मनावर घ्यावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी असे अठरा धंदे आहेत. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. एकटा लोहार पंचायतीत गेला तर त्याला उद्या या म्हणतात, मग तो एजंटाला पैसे देतो. तालुक्यातले पन्नास लोहार-सुतार रीतसर मंडळ करून, ठराव करून, एका दिवशी गेले तर उद्या या म्हणणे कठीण जाते. ह्याला मोठे भांडवल लागत नाही. महिना वीस रुपये वर्गणी आणि एक वही पुरे. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीतही कायद्याने एका सभासदाला एकच मत आहे, शेअर किती का असेनात. पण सभेला कोणी गेलेच नाही, तर पाच संचालक म्हणजेच कंपनी होऊन बसते, आणि मग तुरीचा भाव पुन्हा व्यापारीच ठरवितो.

आणि ग्रामसभेचे काय सांगावे! ती तर सर्व संस्थांची आई. वर्षातून किमान चार वेळा ती भरली पाहिजे. बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर ह्या दिवसांच्या आसपास भरते. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या शेकडा पंधरा किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही! ही मेख ज्यांना ठाऊक आहे त्यांना सभा तहकूब झालेली हवीच असते. मग दहा माणसांत गावाच्या वर्षाच्या पैशाचा निकाल लागतो आणि सह्यांची वही घरोघर फिरते. शाळेच्या व्यवस्थापन समितीचीही अनेक ठिकाणी हीच गत. २००९ च्या कायद्याने तीत तीन चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. नावे असतात. पण मजुरीला गेलेल्या आईला सभा कामाच्या वेळेत ठेवली की ती येणार कशी? सभा सांजच्याला ठेवा, मग बघा किती जणी येतात.

सरकारकडेही दोन शब्द. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्यात एखादी संघटना बेकायदा ठरविण्याचा अधिकार सरकारकडे घेतला आहे. बंदूकधाऱ्यांसाठी हे आहे असे सरकार म्हणते. बंदुकीचा बंदोबस्त करण्यास जुने कायदे थोडे नव्हते. लोखंड्यांच्या सभेलाही मालकांनी गडबडच म्हटले असते. ज्या राज्यात तलाठ्याविरुद्ध अर्ज द्यायलाही माणूस दोनदा विचार करतो, तेथे एकत्र जमण्याची भीती आणखी वाढविणारा कायदा आम्हाला मान्य नाही. संस्थेने हिशोब द्यावा हे आम्ही वर सांगितलेच. पण सरकारने हिशोब मागावा आणि स्वतः देऊ नये, हा न्याय कोठला?

तेव्हा ज्यांना काही करावयाचे आहे त्यांनी आपल्या गावापासून आरंभ करावा. सेवा सहकारी सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते. सभासदांनी तिच्या नोटिशीची वाट पाहू नये, गटसचिवाला जाऊन तारीख विचारावी आणि ताळेबंद मागावा. नोंदणी झालेल्या संस्थेचे विश्वस्त कोण, हे धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत फी भरून नक्कल घेता येते. ग्रामपंचायतीचा किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेचा खर्च माहितीच्या अधिकारात विचारता येतो. अर्ज साध्या कागदावर, मराठीत चालतो. त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाही. उत्तर तीस दिवसांत यावे लागते. अर्ज एकट्याच्या नावे टाकण्यापेक्षा एकाच मजकुराचे दहा जणांनी दहा अर्ज टाकावेत, म्हणजे रात्री कोणा एकाच्या दारावर थाप पडत नाही. लिहून देणारा कोणी नसेल तर गावच्या शाळेत शाळा सुटल्यावर यावे. कागद आणि पेन तेथे आहे.